सिंहगडचा राक्षस आणि वरंधच्या घाटातली माणसे

४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र. कोंढाण्यावर तानाजी मालुसरे आणि उदयभान राठोड समोरासमोर आले. पुढे काय झाले हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते; निदान तसे त्याला वाटते. हा धागा त्या लढाईचा नाही. त्या लढाईतल्या एका माणसाचा पुढच्या साडेतीनशे वर्षांत राक्षस कसा झाला, आणि ज्या मुलखातून तानाजी आले त्या महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात खरी माणसे कशी होती, याचा आहे.

सुरुवात कृष्णाजी अनंत सभासदांपासून करावी लागते. छत्रपती राजारामांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिलेली त्यांची बखर ही या प्रसंगाच्या जुन्या मराठी वर्णनांपैकी एक. प्रसंग थोडक्यात येतो. निवडक मावळे वानरासारखे कडा चढतात, वर रजपुतांशी गाठ पडते आणि दोन्ही सरदार एकमेकांवर तुटून पडतात. तानाजींची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा ते डाव्या हाताचीच ढाल करतात. दोघेही महाशूर, दोघेही रागाने पेटलेले आणि दोघेही एकमेकांच्या हातून ठार. मग सूर्याजी मालुसरे लोकांना सावरून गड घेतात.

या वर्णनात घोरपड नाही. पळवून आणलेली रजपूत स्त्री नाही. उदयभानांच्या चारित्र्याविषयी एक वावगा शब्दही नाही. शिवाजी महाराजांच्या पदरी राहिलेला, महाराजांवर निस्सीम श्रद्धा असलेला हा लेखक शत्रूच्या किल्लेदाराला आपल्या वीराच्या तोलाचा योद्धा म्हणतो आणि पुढे जातो.

आणखी एक बारकावा. बखरीत दोघेही एकेरीत येतात. तानाजी एकेरी, उदयभान एकेरी. आजच्या मराठीत मात्र तानाजी ‘लढले’ आणि उदयभान ‘लढला’. बरावाईट हा निवाडा आपण पुरावा तपासण्याआधीच क्रियापदात देऊन मोकळे होतो. म्हणून या धाग्यात सगळ्यांनाच अनेकवचन दिले आहे. कानाला खटकेल, खटकू द्यावे.

मग राक्षस आला कुठून? पहिला धागा सापडतो तो तुळशीदास शाहिरांच्या पोवाड्यात. हा पोवाडा परंपरेने शिवकालीन मानला जातो. आज मिळणारी त्याची संहिता मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाण्यातून आलेली आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ऐतिहासिक पोवाडे छापून काढले, त्यांत तो आहे. रायबाचे लग्न, ऐंशी वर्षांचे शेलारमामा, घोरपड हे सगळे या पोवाड्यातून घरोघर गेले. उदयभानही. पण हे उदयभान सभासदांचे नव्हेत. यांना बायका अनेक, यांचा हत्ती माणसे चिरडणारा, यांचे मुलगे बापाहून दांडगे; आणि यांच्या जेवणात गाय, मेंढी आणि शेरांनी मोजलेला तांदूळ. रजपूत किल्लेदाराच्या ताटात गाय! शाहिराला ही विसंगती कळत नव्हती असे मानण्याचे कारण नाही. त्याला माणूस उभा करायचा नव्हताच. बकासुर आठवावा, कुंभकर्ण आठवावा. आपल्या कथांत राक्षस तलवारीआधी ताटावरून ओळखला जातो. पोवाड्याने उदयभानांना त्या पंगतीत बसवले, आणि श्रोत्यांना पुढचे काही सांगावे लागले नाही.

शाहिराला दोष देण्यात अर्थ नाही. पोवाडा डफावर, तुणतुण्यावर, जमावासमोर गायचा असतो. त्याला एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला अंधार लागतो. प्रश्न निर्माण होतो तो कथा डफावरून छापखान्यात आल्यावर.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आली. सभासदांच्या बखरीत महाराज एक गड आला पण एक गड गेला अशा अर्थाचे उद्गार काढतात; ‘सिंह’ त्यात नंतर आला. (सिंहगड हे नाव तर १६७० पूर्वीच्या पत्रांतही सापडते.) आपट्यांनी पोवाड्यातला खादाड राक्षस बाजूला ठेवला, पण जागा रिकामी ठेवली नाही. त्यांच्या कादंबरीत उदयभानूंची नजर कमलकुमारी या सती जायला निघालेल्या रजपूत विधवेवर आहे आणि तिला ते बळाने कोंढाण्यावर आणतात. भूक तीच, फक्त ताटावरून स्त्रीवर सरकली. विसाव्या शतकातल्या कादंबरीच्या वाचकाला गाय खाणारा राक्षस हास्यास्पद वाटला असता. अबलेवर हात टाकणारा खलपुरुष मात्र पटणारा होता.

ही कादंबरी पडद्यावर गेली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ साली बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, त्यात तरुण व्ही. शांताराम शेलारमामांच्या भूमिकेत होते. दहा वर्षांनी त्याच शांतारामांनी प्रभातसाठी ‘सिंहगड’ हा बोलपट केला. २०२० च्या ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटात कमलकुमारीसारखी स्त्री आहे, तिचे अपहरण आहे आणि मगर भाजून खाणारे उदयभानही आहेत. म्हणजे पोवाड्याचे ताट आणि कादंबरीची वासना, दोन्ही एकाच माणसात. पटकथाकारांनी पोवाडा समोर ठेवला होता की नाही हे महत्त्वाचे नाही. राक्षस रंगवायचा म्हटला की हात आपोआप स्वयंपाकघराकडे जातो.

प्रत्यक्षातले उदयभान कोण होते? मोगलांच्या चाकरीतले रजपूत किल्लेदार. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांकडे गेले त्यांत कोंढाणा होता. तो राखणे हे त्यांचे काम. ज्याचे मीठ खाल्ले त्याचा किल्ला त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. त्यांची चाकरी चुकीच्या बाजूला होती असे म्हणता येईल, म्हणायलाही हवे. पण त्या चाकरीतले इमान खोटे नव्हते.

इथे मराठी वाचकाच्या मनातली एक गंमत दिसते. चुकीच्या बाजूने, मिठाला जागून लढणाऱ्या कर्णासाठी हा वाचक रडतो. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, तेव्हापासून कित्येक पिढ्या रडल्या. पण तोच गुण सतराव्या शतकातल्या किल्लेदारात आढळला की डोळे कोरडे. महाभारताला आपण जी मोकळीक देतो ती इतिहासाला देत नाही. कदाचित इतिहास आपल्याला जास्त जवळचा, म्हणून जास्त भीतीचा वाटत असेल.

आपट्यांना हे कळत नव्हते असे तर मुळीच नाही. त्याआधीच्या ‘उषःकाल’मध्ये त्यांनी आदिलशाहीच्या मिठाला जागणारे म्हातारे किल्लेदार आणि शिवाजी महाराजांकडे ओढला जाणारा त्यांचा मुलगा असा पेच उभा केला होता. बाप चूक असूनही थोर आहे, मुलगा बरोबर असूनही त्याचे मन फाटते. त्या कादंबरीचा जीव या पेचात आहे. तेच आपटे सिंहगडाशी आले आणि त्यांनी मिठाची गोष्ट बाजूला ठेवून कमलकुमारीची गोष्ट घेतली. ‘उषःकाल’चे किल्लेदार कल्पित होते, त्यांना दोन मने देणे परवडले. उदयभान खरे होते आणि तानाजींना मारणारे होते.

१८८६ मध्ये इंग्रजीत स्टीव्हन्सनची डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइडची गोष्ट आली. एका सज्जनाच्या अंगातून दुर्जन वेगळा काढता येईल, ही तिची कल्पना. गोष्ट गाजली कारण तो प्रयोग फसतो. दोघे एकाच कातडीत राहतात. मराठी ऐतिहासिक कथेने तोच प्रयोग उलट्या हेतूने केला आणि तो यशस्वी झाल्याचे जाहीर केले: चांगुलपणा एका देहात, वाईटपणा दुसऱ्या देहात, मध्ये द्रोणागिरीचा कडा.

आता नकाशा उघडावा. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजींचे गाव; तिथे त्यांची समाधी आहे. लढाईनंतर त्यांचा देह मढे घाटाने कोकणात उतरवून उमरठला आणला असे परंपरा सांगते आणि घाटाचे नावही त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. त्याच्या दक्षिणेला वरंध घाट. वर भोरकडचे हिरडस मावळ आणि रोहिडखोरे, खाली माझेरी, वरंध, बिरवाडी आणि महाड. या घाटाच्या दोन टोकांना सतराव्या शतकात जी माणसे राहत होती, त्यांच्याकडे पाहिले की कड्याच्या दोन बाजूंना नीट वाटलेले बरेवाईट टिकत नाही.

खालच्या टोकापासून सुरुवात करू. मुरारबाजी देशपांडे. महाड तालुक्यातले किंजळोली हे त्यांचे मूळ गाव सांगितले जाते. मे १६६५ मध्ये पुरंदरावर दिलेरखानाच्या फौजेत घुसून त्यांनी केलेली लढाई, खानाने देऊ केलेला कौल, तो धुडकावून लावणे आणि मृत्यू हे सगळे प्रसिद्ध आहे. खुद्द खानाने त्यांच्या शौर्याची तारीफ केल्याचे सभासद सांगतात. पण नऊ वर्षे मागे जावे. जानेवारी १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा मुरारबाजी चंद्रराव मोऱ्यांच्या बाजूने महाराजांविरुद्ध लढत होते. त्या दिवशी ते तिथेच पडले असते, तर आज ते कथेत कोण असते? मोऱ्यांच्या पदरचे एक आडमुठे कारभारी. कदाचित एखाद्या कादंबरीत त्यांच्याही वाट्याला भरलेले ताट आले असते. माणूस तोच, तलवार तीच, धन्याशी इमान तेच. फक्त धनी बदलला.

वरच्या टोकालाही हेच. बाजीप्रभू देशपांडे हिरडस मावळातल्या बांदलांचे कारभारी. बांदल आधी महाराजांच्या विरोधात होते. रोहिडा पडल्यावर ही मंडळी स्वराज्यात आली आणि जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत त्यांनी जे केले ते सर्वांना माहीत आहे.

उलट्या दिशेने गेलेल्यांची गोष्ट अधिक अवघड आहे. १६५९ मध्ये अफझलखान निघाला, तेव्हा आदिलशाही फर्माने मावळच्या देशमुखांकडे आली: खानाला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान, पानसुपारी, गावच्या होळीतला पहिला हक्क, बापजाद्यांची थडगी. रोहिडखोऱ्यातल्या कारीचे कान्होजी जेधे पाच मुलांसह महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. शेजारच्या उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. एकच खोरे, एकच फर्मान, एकच भीती.

कथा इथे थांबली तर ती पोवाड्याला पुरते. पण जेधे घराण्याची हकिगत, म्हणजे जेधे करीना, इथे थांबत नाही. खान मारला गेला, खंडोजी लपत फिरू लागले आणि अखेर नात्यागोत्याच्या माणसांमार्फत त्यांनी कान्होजींचाच आसरा मागितला. ज्यांनी स्वराज्यासाठी वतन सोडले, त्या कान्होजींनी वतनासाठी स्वराज्य सोडणाऱ्याची रदबदली महाराजांकडे केली. महाराजांनी जीवदान दिले. पुढे मात्र खंडोजींचा एक हात आणि एक पाय तोडण्यात आला. कान्होजींना हे लागले. त्यांनी गाऱ्हाणे मांडले, तेव्हा महाराजांनी समजावले की जीव घेणार नाही हा शब्द पाळला आहे, पण अपराधाला शिक्षा नसती तर इतरांना धडा कसा मिळाला असता.

या प्रसंगात राक्षस कोणाला करावे? खंडोजींनी फितुरी केली, यात शंका नाही. कान्होजींनी फितुराची बाजू घेतली, तरी त्यांची निष्ठा कणभरही उणी होत नाही. महाराजांनी शब्द अक्षरशः पाळला आणि न्यायही केला, आणि तरी एका विश्वासू म्हाताऱ्याचे मन दुखावले. घराण्याचा अभिमान सांगण्यासाठी लिहिलेल्या कागदात हे सगळे नोंदवून ठेवावेसे वाटले, ही गोष्ट कोणत्याही कादंबरीपेक्षा मोठी वाटते. त्या लोकांना आपल्या माणसाचा दुखरा भाग लपवावा असे वाटले नाही.

वरंध घाटाच्या पायथ्याशी, रानात, धबधब्याच्या आड शिवथरघळ आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही जागा पुन्हा उजेडात आणली, आणि समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला अशी श्रद्धा आहे. दासबोधाचा दुसरा दशक उघडला तर मूर्खलक्षण, उत्तमलक्षण, रजोगुण, तमोगुण, सत्त्वगुण आणि शेवटी पढतमूर्ख असे समास ओळीने येतात. पढतमूर्ख हे मराठीतले अस्सल दुहेरी पात्र. त्याला सगळे कळते, तो सगळे सांगतो आणि तरी उलटे वागतो. आणि गुणांविषयी समर्थांचे म्हणणे असे की देह मुळातच तिन्ही गुणांचा. कोणाचा कोणता गुण वर आला एवढाच प्रश्न.

तमोगुणाच्या लक्षणांची यादी लांब आहे. राग तर त्यात आहेच. पण त्या यादीत युद्ध पाहावे, युद्ध ऐकावे, स्वतः युद्ध करावे, मारावे किंवा मरावे अशी ओढही आहे. इतिहासप्रेमींनी हे जरा थांबून वाचावे. या हिशोबाने महारागाने पेटलेले दोन्ही सरदार त्या रात्रीपुरते एकाच गुणाचे ठरतात, सभासदांना दिसले तसे. आणि डफाच्या थापेवर अंग शहारणारा श्रोताही त्यातून सुटत नाही. ज्या खोऱ्यात तानाजींचा देह आला असे सांगतात, त्याच खोऱ्यातल्या एका घळीत ही यादी सांगितली गेली असे मानतात, हा योगायोग विलक्षण आहे.

म्हणजे सगळे सारखेच, असा याचा अर्थ काढणे आळशीपणाचे होईल. जावळीच्या प्रकरणावर यदुनाथ सरकारांनी १९१९ च्या आपल्या इंग्रजी शिवचरित्रात जाणूनबुजून केलेला खून आणि योजनाबद्ध विश्वासघात असा शेरा मारला. मराठी अभ्यासकांनी तो मान्य केला नाही. सरकारांनी उशिराच्या बखरींवर विसंबून निवाडा दिला आणि मोऱ्यांच्या स्वतःच्या वर्तनाकडे दुर्लक्ष केले, असे त्यांचे म्हणणे. या वादात मराठी बाजूचा आक्षेप रास्त आहे. पण लक्षात घ्यावे की सरकारांनी जे केले तेच आपल्या कथाकारांनी उदयभानांचे केले: उशिराची, रंगवलेली साधने घेऊन एका माणसाचा अख्खा स्वभाव ठरवला. आपल्या बाजूच्या वेळी साधनांची शिस्त मागायची आणि समोरच्याच्या वेळी मगर भाजायची, हे जमत नाही.

याची किंमत मेलेल्यांनाच मोजावी लागते असेही नाही. २०२५ साली ‘छावा’ चित्रपटातल्या फितुरीच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. रायगड १६८९ मध्ये महिनोन्‌महिने वेढा सोसून मोगलांच्या हाती गेला. त्या पडझडीचे ओझे लोककथेने सूर्याजी पिसाळ या एका नावावर टाकले आणि ते नाव म्हणजे मराठीत शिवी झाली. त्याच काळात वतनाच्या आशेने किती घरे इकडची तिकडे आणि तिकडची इकडे झाली, हे पाहिले तर एकाच नावावर भागवणे किती सोयीचे होते ते कळते. स्वतः राजाराम महाराजांनाही माणसे धरून ठेवण्यासाठी वतनांची आश्वासने द्यावी लागत होती. शाळेच्या वर्गात पिसाळ आडनावाचा मुलगा बसलेला असतो, खोपडे आडनावाची मुलगी असते. सिंहगडाचा धडा शिकवला जातो तेव्हा तीही ऐकत असतात.

तानाजींविषयीचा आणखी एक प्रसंग चित्रपटांत फारसा दिसत नाही. तो कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. १६६१ मधली कोकणची मोहीम. महाराज तानाजींना संगमेश्वराला ठेवून पुढे गेले. बरोबर पिलाजी नीळकंठराव होते. रात्री शृंगारपूरच्या सुर्व्यांची फौज अंधारातून चालून आली आणि पिलाजींचा धीर सुटला. ते पळू लागले. तानाजींनी त्यांना गाठले, परत ओढून आणले आणि दोराने एका दगडाला बांधून ठेवले. मग ते लढायला गेले.

परमानंदांनी पिलाजींना दुष्ट केले नाही आणि त्यांची भीती लपवलीही नाही. अंधारात, दगडाला बांधलेले, चारी बाजूंनी तलवारींचा आवाज ऐकत पिलाजी तिथे होते. तानाजींनी त्यांना मारले नाही, सोडलेही नाही. शत्रू मागे हटेपर्यंत ती झुंज चालली.